बँडच्या गाण्यातलं भावाचं नाव

मुंबईच्या एका रॉक बँडचं एक गाणं आहे. त्याचा व्हिडिओ आमच्या किनाऱ्यावर काढलेला आहे. बोंबील वाळत घातलेल्या बांबूच्या वलांडी, मागं समुद्र, पुढं गिटार घेतलेली चार तरुण पोरं. गाण्याच्या मध्यावर वाद्यं एकदम थांबतात आणि एका म्हातारीचा आवाज येतो. ती एका माणसाला नाव घेऊन हाक मारते. तो माणूस माझा थोरला भाऊ.

हा आवाज बँडला कुणी दिला, यावरून आमच्या गावात जवळजवळ तीन वर्षं संशय धुमसत होता. सगळ्यांचं बोट माझ्या वहिनीकडं होतं. मी गावातला शिकलेला माणूस, रोज डहाणूहून एसटीनं तलासरी तालुक्यात जाऊन उधव्याजवळच्या शाळेत मराठी शिकवणारा. म्हणून लोक मलाही विचारायचे, "सर, तुमाला काय वाटतं?" मी म्हणायचो, "काय सांगायचं!" या दोन शब्दांवर मी ती सगळी वर्षं काढली.

आवाज मी दिला होता.

आता नीट पहिल्यापासून सांगतो.

भाऊ गुजरातच्या बंदरातल्या बोटीवर तांडेल, म्हणजे बोटीचा मुख्य, होता. आमच्या पट्टीतले बरेच जण पावसाळा संपला की तिकडं जातात. कोळीवाड्यातून तांडेल जातात आणि उधव्याकडच्या पाड्यांवरून खलाशी. २०१४च्या पावसाळ्यानंतर भाऊ गेला तो आला नाही. बोटमालकाचा निरोप आला की बोट भरकटत हद्दीपलीकडं गेली आणि तिकडच्यांनी धरली. आमच्याकडं हे ऐकून कुणी छाती पिटत नाही. धरलेली माणसं वर्षादोनवर्षांनी सुटून येतात, बारीक होऊन येतात, पण येतात. सुटणाऱ्यांची यादी पेपरात आली की आई मला पुढ्यात बसवून वाचायला लावायची. मी सगळी नावं वाचायचो. त्याचं नसायचं. आई म्हणायची, "पुढच्या यादीत आसंल." आणि वहिनीकडं बघायची. वहिनी मान हलवायची.

त्या मान हलवण्यात काहीतरी कमी होतं, असं मला तेव्हापासून वाटायचं. मी शिक्षक आहे. घोकून आलेलं उत्तर मला चेहऱ्यावरून कळतं.

मग एकदा शाळा सुटल्यावर उधव्याच्या नाक्यावर मला वहिनी दिसली. आमच्या गावापासून दोन बस बदलून जायचं ठिकाण. एका चिंचेखाली ती एका माणसाशी बोलत होती. माणूस काळासावळा, चाळिशीचा, चांगल्या अंगाचा. ती ओरडून बोलत नव्हती, हसतही नव्हती. मी बसच्या खिडकीत होतो. मान आत घेतली. घरी आल्यावर ती नेहमीसारखी ताटं वाढत होती. मी विचारलं नाही, तिनं सांगितलं नाही. काही महिन्यांनी पुन्हा एकदा तीच चिंच, तोच माणूस. यावेळी तो खाली मान घालून उभा होता आणि वहिनीनं त्याचं मनगट धरलं होतं.

माझ्या मनात काय आलं ते लिहायला लाज वाटते. पण आलं. नवरा परमुलखात अडकलेला आणि बायको दुसऱ्या तालुक्यात झाडाखाली. ते मी मनात ठेवलं. मनात ठेवलं म्हणजे विसरलो असं नाही.

२०१६च्या वैशाखात भावाच्या मुलीचं लग्न ठरलं. बापाची वाट बघून मुलाकडचे थकले होते. आई म्हणाली, बाप सुटून येईल तेव्हा जावई बघेल, पोरीला बसवून ठेवू नका.

आमच्याकडं हळदीच्या आधी एक बोलावणं असतं. भर दुपारी बायका आतल्या खोलीत बसतात, दार लावून घेतात. गावची धवलारीण, म्हणजे लग्नाची गाणी म्हणणारी बाई, मधोमध बसते. ती आधी देवांना लग्नाला बोलावते, मग त्या घरच्या मेलेल्यांना. प्रत्येकाचं नाव घेते आणि तो कसा गेला तेही म्हणते. तापानं नेलेल्या अमुक ये, तुझा पाट मांडलाय. छातीच्या कळेनं नेलेल्या तमुक ये, तुझा पाट मांडलाय. जो गेला त्याला बोलावलं नाही तर तो मांडवाच्या दारात रुसून उभा राहतो आणि लग्नाला लागतो. पाचव्या दिवशी तीच बाई सगळ्यांना परत पोचवते. बोलावलं की पोचवायचं, हा नेम. अर्धं गाणं म्हणून उठायचं नसतं.

हे सगळं मला आज ठाऊक आहे. तेव्हा काहीच ठाऊक नव्हतं. आमच्या पुरुषांना त्या गाण्यातलं एवढंच कळतं की आत बायका गातायत. त्या वेळी पुरुष मागल्या दारी हळदीच्या जेवणाचं मटण तोडत असतात. ओंडक्यावर सुरा चालू असला की आतला शब्द बाहेर ऐकू येत नाही, आणि ती सोय मुद्दाम केलेली असणार असं मला आता वाटतं. आत काय म्हटलं गेलं ते बाहेर येता कामा नये. धवलारणीला कुंकवाची अट नसते, ती सवाशीण असो की विधवा. अट एकच, तिच्या तोंडून घरचं बाहेर जाऊ नये.

आमची धवलारीण ऐंशीच्या पुढची होती. तिनं आपल्यामागं वहिनीला तयार करायला घेतलं होतं. वहिनीचा आवाज जाडसर, पण पाठ पक्कं. सात-आठ वर्षं ती म्हातारीच्या मांडीला मांडी लावून बसत होती. कोळंबी सोलताना, पाणी भरताना ओठ हलत असायचे. मी एकदा थट्टेनं म्हटलं होतं, "वहिनी, परीक्षा कधी?" तर म्हणाली, "म्हातारी डोळं मिटंल तेव्हा. आनि पास नापास गाव ठरवील, तुमच्यासारखं मास्तर नाय." तिच्या आयुष्यात तिला स्वतःसाठी हवी होती अशी ही एकच गोष्ट मला माहीत आहे.

त्या दुपारी मी मागल्या दारी होतो. भिंतीला जुनं झडप होतं, फळीची एक चीर रुंद झालेली. म्हातारीचा आवाज तिथून स्पष्ट येत होता. मला वाटलं, ही बाई गेली की हा आवाज जाईल. मी फोनवर रेकॉर्डिंग चालू केलं आणि फोन फटीशी धरून उभा राहिलो. मागं दोन चुलतभाऊ मटण तोडत होते. एक म्हणाला, "सर, बायकांची गानी काय ऐकता! कांदं कापा, डोळ्यांतून पानी तरी येईल." मी हसलो. आठ-दहा मिनिटं झाल्यावर खरंच कांदे कापायला गेलो.

नंतर ते ऐकलं, पण पहिलं मिनिटभर. देवांची नावं चालली होती. छान आहे, असं म्हणून बंद केलं. पुढचं मी कधीच ऐकलं नाही. मराठीचा मास्तर, आणि घरचंच गाणं शेवटपर्यंत ऐकलं नाही.

लग्न झालं. पावसाळ्यात म्हातारी गेली.

दिवाळीनंतर तो बँड आला. त्यांच्यातल्या ढोल वाजवणाऱ्या पोराच्या मामाची बोर्डीला चिकूची वाडी आहे, वाडीत बंगला आहे. उधव्याच्या बाजूला डोंगराचे काही सीन घ्यायचे होते, म्हणून गाड्या लावायला शाळेचं मैदान मागायला आले. पोरं गोड होती, ते सांगायलाच हवं. मला "सर, सर" करत होती. गिटारवाला म्हणाला, "सर, आम्हाला सुकी मासळी वाळत घालतात ती जागा पण पाहिजे. फुल व्हाइब आहे त्याच्यात." मी म्हटलं, ती आमचीच जागा आहे. चार दिवस जेवण करायला कुणी बाई मिळेल का, विचारलं. मी वहिनीचं नाव सुचवलं. तिला घेऊन जाणारा मी, आणणारा मी.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी वाडीत चहा पीत बसलो होतो. गाणारी मुलगी म्हणाली, "गाणं रेडी आहे, पण मध्ये काहीतरी खरं पाहिजे सर. इथलं. नाहीतर आम्ही नुसते टुरिस्ट वाटू."

कॉलेजात असताना मीही तलासरीच्या एका ऑर्केस्ट्रात गायचो. दोन वर्षं. मग नोकरी लागली. हे मी त्यांना सांगितलं नाही. पण ती मुलगी माझ्याकडं ज्या नजरेनं बघत होती तसं माझ्याकडं कुणी बऱ्याच वर्षांत बघितलं नव्हतं. मी फोन काढला आणि ते मिनिटभर ऐकवलं.

चौघांनी चहाचे कप खाली ठेवले. ढोलवाला म्हणाला, "सर, ये तो सोना है! आणि तो मागचा ठक ठक काय आहे?"

"मटण तोडतायत."

"मस्त! तो ठेवू. बीट त्याच्यावरच बांधू."

तिथल्या तिथं फाइल त्याच्या फोनवर गेली. सगळी, आठ-दहा मिनिटांची. त्यानं विचारलं, "तुमचं नाव टाकायचं ना सर?" मी म्हटलं, "नको, नको. लोकांचं आहे ते." त्याला मी मोठ्या मनाचा वाटलो. खरं म्हणजे मला आतून कुठंतरी वाटलं होतं की नाव नसलेलं बरं. संशय मला पहिला माझाच आला होता, मी तो दाबला.

वहिनी तेव्हा स्वयंपाकघरात होती. तिनं काही ऐकलं नाही.

होळीच्या आसपास गाणं आलं. नव्या सिमवर इंटरनेट फुकट मिळायला लागल्याचे ते दिवस. पाड्यापाड्यावर लोक व्हिडिओ बघत होते, आणि आपला किनारा दिसतोय म्हटल्यावर तर काय! दोन दिवसांत तमतम रिक्षांत तेच. मी शाळेत होतो. एका सहकारी शिक्षकानं फोन पुढं केला. "सर, तुमचं गाव!" वलांडी दिसल्या. एका दृश्यात वहिनी पाठमोरी बोंबील लटकवताना दिसली. मग गिटार थांबली. मला वाटलं आता देवांची नावं येतील.

"पाण्यानं नेलेल्या," म्हातारी म्हणाली, आणि माझ्या भावाचं नाव घेतलं. "ये, तुझा पाट मांडलाय."

ढोल. पुन्हा तेच. चार वेळा. नंतर चौघं मिळून तेच म्हणतात, भावाच्या नावासकट, उच्चार जरा चुकीचा. आठ-दहा मिनिटांतून त्यांनी नेमकी ती ओळ उचलली होती, कारण कानाला तीच सगळ्यात गोड लागत होती. सहकारी मान डोलावत म्हणाला, "हे पकडतं हं!"

मी मुतारीत जाऊन उभा राहिलो. भाऊ गेला हे मला असं कळलं. आणि त्याच क्षणी दुसरा विचार आला, तो जास्त लाजिरवाणा. वहिनीला हे ठाऊक होतं. वर्षभर कुंकू लावून, आईपुढं मान हलवत बसली होती. हिला कुणी सांगितलं?

आईनं गाणं ऐकलं ते दुसऱ्या दिवशी सकाळी. ती रस्त्याच्या कडेला जवळा वाळत टाकत होती. तमतम गेली. आईला बाकी काही कळलं नाही, मुलाचं नाव मोठ्यानं घेतलेलं तेवढं कळलं. तिला वाटलं, गावात कुणीतरी त्याला हाक मारतंय. आला. हातातलं सूप टाकून ती रिक्षामागं पळाली. सत्तरीची बाई. रिक्षावाल्यानं घाबरून गाडी थांबवली तर आत डोकावून विचारते, "कुठं हाय? उतरला का?"

दुपारपर्यंत घर बायकांनी भरलं. बाहेरच्या पडवीत आम्ही चार पुरुष. ज्या बायका त्या दिवशी आतल्या खोलीत होत्या त्यांना भावाचं नाव घेतलेलं ठाऊक होतंच. वर्षभर एकीनंही तोंड उघडलं नव्हतं, स्वतःच्या नवऱ्याजवळसुद्धा. आईला तेवढ्यापुरतं मांडव सारवायला बाहेर धाडलं होतं. त्यांचा राग वेगळा होता.

"पोचवनं नाय, नुसतं बोलावनं!" शेजारची काकी म्हणाली. "दिसातून शंभरदा बोलावतात. पितरं काय तमतममंदी बसवायची? भाडं कोन देनार?"

कुणीतरी हसलं आणि लगेच थांबलं.

"खोलीतलं भायेर गेलं कसं, ते सांग," दुसरी वहिनीला म्हणाली. "बोर्डीला चार दिस तूच होतीस त्यांच्याकडं. पिच्चरमंदी तूच हायेस."

"मी भाकऱ्या केल्या," वहिनी म्हणाली. "गानं नाय दिलं."

"मंग काय म्हातारी वरून येऊन देऊन गेली?"

आई तोवर भिंतीला टेकून होती. ती म्हणाली, "त्याला पान्यात कुनी घातला? तू?"

वहिनीनं डोकं खाली घातलं. मग सांगितलं. उधव्याकडचा एक खलाशी त्याच मालकाच्या दुसऱ्या बोटीवर होता. त्यानं भावाची बोट उलटताना लांबून पाहिली होती. बोटीची फळी आधीच गेलेली होती, तरी मालकानं ती पाण्यात घातली. मग आपल्यावर येऊ नये म्हणून त्यानं सगळ्यांना बजावलं होतं की धरली म्हणून सांगा. वहिनीनं त्या खलाशाला शोधून काढलं होतं. "पोरीच्या लग्नाला बाप बोलावल्याबिगर कसा ऱ्हाईल? म्हनून म्हातारीला म्या सांगितलं, नाव घे. आन आयला नाय सांगितलं. आयला कुठल्या तोंडानं सांगू?"

 तिच्यावर विश्वास बसत चालला होता, मला पडवीतून दिसत होतं. काकीनं पदर डोळ्यांना लावला होता. आणखी दोन मिनिटं कुणी बोललं नसतं तर प्रश्न पुन्हा गाण्याकडं वळला असता. तिनं दिलं नाही, मग कुणी दिलं?

तेव्हा मी बोललो. मी, जो कधी बोलत नाही. म्हणालो, "वहिनी उधव्याला जाते ते मी पाहिलंय. एका माणसाबरोबर. हात धरून."

एवढंच. खोटं एक अक्षर नव्हतं त्यात.

काकीनं पदर खाली घेतला. पुढं काय काय बोललं गेलं ते लिहीत नाही. वहिनीनं माझ्याकडं एकदा पाहिलं, फार वेळ नाही. संध्याकाळच्या आधी ती आशागडला तिच्या स्वतःच्या भावाकडं निघून गेली. आईनं अडवलं नाही.

आठवड्यानं मी त्या खलाशाला गाठलं. त्याचा पाडा माझ्या शाळेपासून अर्ध्या तासावर. अंगणात जाळं विणत होता. मी कोण ते सांगितल्यावर हात थांबला. म्हणाला, "बाईनं माझ्याकडून वचन घेतलंय. दुसऱ्या कोणाला नाय सांगायचं."

"मला सगळं ठाऊक आहे. फक्त खरं की खोटं सांग."

त्यानं आपलं मनगट पुढं केलं. "दुसऱ्यांदा आली तवा इथं धरलं तिनं. बोलली, डोळ्यांत बघून बोल, मेला म्हनून. माज्याच्यान बोलवत नव्हतं. सोडीनाच हात. मग बोललो."

मी शाळेपर्यंत चालत आलो. म्हणजे माझा जो संशय होता तो त्या दिवशी संपला. आठवड्याच्या आत संपला. तरी मी गावात गप्प राहिलो. त्या ढोलवाल्याला तेवढा फोन केला, ती ओळ काढता येईल का विचारलं. तो म्हणाला, "सर, लोकांना तीच आवडलीये. आता काढली तर गाण्यात राहतं काय?" त्याला मी कारण सांगितलं नाही. त्याला का दोष द्यायचा? त्याला नाव म्हणजे नुसता आवाज होता.

त्या वर्षी गावात तीन लग्नं झाली. तिन्हींत बोलावणं झालंच नाही. दुसरी बाई तयार नव्हती आणि वहिनीला कुणी बोलवेना. एका घरी तर हळदीला डीजेनं तेच गाणं लावलं, बायका उठून गेल्या. मुलाची आजी माझ्याकडं येऊन म्हणाली, "सर, आमची मानसं दाराशी उभी ऱ्हायली आसतील. काय करू?" मी म्हटलं, "काय सांगायचं!"

पावसाळा संपता संपता मी आशागडच्या बाजारात गेलो. वहिनी गोणपाटावर सुके बोंबील, सोडे, जवळा घेऊन बसायची. मला पाहून तिनं मासळीवरची माशी उडवली. कपाळ मोकळं होतं.

"बोला भाऊजी."

मी सांगायला लागलो. फोन, फट, वाडीतला चहा. तिनं मध्येच हात वर केला.

"ठाव हाय मला."

"कसं?"

"गान्यात मटन तुटतंय. आत बसल्यालीच्या फोनात मटन कसं येईल? भायेरच्या मानसानं घेतलंय. मागल्या दारी तीन जन होते. दोघांच्या हातात सुरा होता."

एक गिऱ्हाईक आलं. तिनं गुजरातीत त्याच्याशी घासाघीस केली, बोंबील कागदात बांधून दिले. मी उभाच.

"मग त्या दिवशी बोलली का नाहीस?"

"कुनापुढं? आय भिंतीला टेकली व्हती. एक मुलगा त्याच दिवशी गेला तिचा. दुसरापन म्या न्यायचा व्हय?" तिनं सोड्यांचा ढीग उगाच सारखा केला. "आनि तुमी बोलाल आसं वाटलं. पडवीतून तोंड उघडलंत तवा मला वाटलं, बोलतायत."

 मी पाव किलो जवळा मागितला. तिनं दिला नाही. "तुमच्या घरात हाय जवळा," म्हणाली.

त्या दिवशी घरी जाऊन मी आईला सांगितलं. सगळं, उधव्याच्या खलाशासकट. आईनं पदरानं तोंड पुसलं. मग म्हणाली, "लाव ते गानं." मी लावलं. तिनं फोन कानाला धरला, वाद्यं सुरू झाली तशी लांब केला, म्हातारीचा आवाज आला तसा पुन्हा जवळ घेतला. संपल्यावर म्हणाली, "त्याचं दिवस घालू. तिला बोलाव."

वहिनी आली. अंग मिळालं नव्हतं, म्हणून दर्भाचा माणूस करून विधी केले. वहिनी आणि आई दोन दिवस एका खोलीत होत्या. काय बोलल्या ठाऊक नाही. तिसऱ्या दिवशी वहिनी परत आशागडला गेली. मी आईला म्हटलं, आता गावाला सांगतो. आई म्हणाली, "घरातलं घरात ऱ्हाऊ दे. नोकरी हाय तुझी. मान हाय. लोक चार दिस बोलतील तिला, मग इसरतील." आणि मी ऐकलं. आयुष्यात आईचं कुठलंही म्हणणं मी इतक्या पटकन मानलं नव्हतं.

लोक विसरले नाहीत. २०१८च्या श्रावणात आई गेली. तेराव्यानंतर गप्प राहायला माझ्याकडं कारण उरलं नाही. तरी वर्ष गेलं. नवऱ्याघरून भाची आली होती, तिनं मला विचारलं, "काका, तिकडं अजून म्हनतात, तुझ्या आयनं बापाला गान्यात इकला. खरं हाय का?" मी तिला खरं सांगितलं. ती उठून गेली, चहा तसाच राहिला. त्यानंतर मी हे लिहायला बसलो.

लिहून झाल्यावर आशागडला घेऊन गेलो. वहिनी म्हणाली, "मला काय वाचून दावता? मला ठाव हाय. बंदरावर वाचा."

२०१९च्या मार्गशीर्षात, रविवारी, मासळीचा लिलाव आटोपल्यावर मी बंदरावरच्या ओट्यावर उभा राहिलो आणि वरचं सगळं वाचलं. पुरुष होते, टोपल्या घेतलेल्या बायका होत्या. वाचताना माझा आवाज नीट निघाला, वर्गात निघतो तसा, आणि त्याचाच मला राग आला. उधव्याच्या वाक्यापाशी आलो तेव्हा मटण तोडणाऱ्या चुलतभावांपैकी एक म्हणाला, "आयला सर, आनि आमी कांदं कापायला लावलं तुमाला. जीभ कापायला पायजे व्हती." कुणी हसलं नाही. काकीनं टोपली डोक्यावर घेतली, माझ्याजवळून जाताना थुंकली. माझ्या अंगावर नाही, शेजारी.

त्यानंतर माझ्या घरी लोकांचं येणं कमी झालं आहे. ते ठीक आहे.

पंधरा दिवसांनी काकी बस पकडून आशागडला गेली, हे मला दुसऱ्याकडून कळलं. तिच्या नातवाची हळद होती. वहिनीच्या गोणपाटासमोर ती उकिडवी बसली आणि बराच वेळ बोंबिलांचाच भाव विचारत राहिली म्हणे. शेवटी वहिनीच म्हणाली, "काकी, किती जनांना बोलवायचंय?" काकीनं बोटांवर मोजायला सुरुवात केली.

हळदीच्या दिवशी वहिनी सकाळच्या बसनं आली आणि सरळ त्यांच्या घरी गेली. आमच्या दारावरून गेली, थांबली नाही. मी शाळेला सुट्टी टाकली होती. दुपार व्हायच्या आत चप्पल घातली आणि किनाऱ्यानं बोर्डीच्या बाजूला चालत सुटलो, गावातलं काहीही ऐकू येणार नाही इतक्या लांब. संध्याकाळी परत आलो तेव्हा आतल्या खोलीचं दार उघडलेलं होतं आणि बायका हळद वाटत होत्या. तिनं कुणाकुणाला बोलावलं, ते मला ठाऊक नाही.